गोड्या पाण्यातील झिंग्यांच्या मत्स्यालयातील हायड्राचा उपद्रव व त्याचे नियंत्रण : विशेष संदर्भ हिंगणा (जि. नागपूर) परिसर

प्रस्तावना

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यामुळे जिवंत प्राण्यांच्या निरीक्षणाला प्रयोगशाळेत अधिक महत्त्व आले. गोड्या पाण्यातील लहान झिंगे (कोकणात ज्यांना कोळंबी म्हणतात त्यांचेच हे भाऊबंद) या कामी सोयीचे ठरतात. निओकॅरिडिना डेव्हिडी ही तैवान-चीनकडील लाल जात कमी जागेत वाढते आणि तिची अंड्यांतून निघालेली पिले थेट आईबापांसारखीच दिसतात. मात्र अशा टाकीच्या काचेवर एके दिवशी पांढुरके, धाग्यासारखे जीव लोंबकळताना दिसतात व पिलांची संख्या घटू लागते. हा हायड्रा होय. प्रस्तुत लेखात त्याच्या नियंत्रणाचा विचार हिंगणा परिसरातील हवामान व परिस्थिती लक्षात घेऊन केला आहे.

हायड्रा टाकीत कसा येतो व का वाढतो

हायड्रा हवेतून येत नाही. वेणा नदीच्या काठावरून किंवा शिंगाड्याच्या तलावातून आणलेल्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाणवनस्पतींच्या पानांमागे तो चिकटलेला असतो. खाद्य म्हणून तळ्यातून डॅफ्निया गाळून आणले तर त्यांच्यासोबतही येतो. पण आलेल्या एक-दोन प्राण्यांचे शेकडो होतात ते आपल्या हातून. पिलांना म्हणून घातलेली बारीक भुकटी किंवा आर्टेमियाची नुकती उबलेली पिले गरजेपेक्षा जास्त पडली, की थेट त्यांवर अथवा त्यांवर पोसलेल्या सूक्ष्म कवचधारी जीवांवर हायड्रा पुष्ट होतो. भरपूर अन्न मिळाल्यास तीन-चार दिवसांत त्याची संख्या मुकुलायनाने दुप्पट होऊ शकते. हायड्राचा सुळसुळाट हा बहुधा अतिरिक्त अन्नाचा पुरावा असतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. औषधाची बाटली नंतर शोधावी.

प्रौढ झिंग्याला हायड्रापासून फारसे भय नाही. सुमारे 2 मिलिमीटर लांबीच्या नवजात पिलांना मात्र आहे. स्पर्शकांवरील दंशपेशी भक्ष्याला विद्ध करतात आणि जखमेतून पाझरणाऱ्या ग्लुटाथायोनमुळे हायड्राचे तोंड उघडते. ही गोष्ट लूमिस यांनी 1955 मध्ये दाखवून दिली.

खरवडण्याचा मोह

उपद्रव दिसताच ब्लेडने काच खरवडणे हा सर्वांत सहज सुचणारा आणि सर्वांत वाईट उपाय आहे. अब्राहम ट्रेम्बले यांनी 1740 च्या दशकात हायड्राचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण प्राणी होतो हे सिद्ध केले. 1972 मध्ये गिअरर व सहकाऱ्यांनी तर सुट्या केलेल्या पेशींच्या गोळ्यापासून हायड्रा पुन्हा घडविला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने भारतीय हायड्रावर पुनर्जननाच्या अंगाने दीर्घकाळ काम केले आहे. वर्गात आपण हेच शिकवितो आणि टाकीपुढे मात्र ब्लेड हाती घेतो!

त्याऐवजी हायड्राच्या प्रकाशाकडे सरकण्याच्या सवयीचा उपयोग करावा. टाकीच्या तीन बाजू काळ्या कागदाने झाकून चौथी उजेडाकडे ठेवल्यास एक-दोन दिवसांत पुष्कळ हायड्रा त्या काचेवर जमतात. मग बारीक नळीने किंवा ड्रॉपरने ते अखंड ओढून घ्यावेत. सोबत आठवडा-दीड आठवडा खाद्य बंद ठेवावे. झिंगे शेवाळावर तग धरतात. उपासमारीत हायड्राचे मुकुलायन थांबते व तो आक्रसतो, पण लगेच मरत नाही. हिरवा हायड्रा आपल्या शरीरातील शैवालाच्या आधाराने आणखी टिकतो. त्याच्या बाबतीत उपासमार एकटी पुरत नाही.

औषधे व त्यांतील धोके

नागपूर जिल्ह्यातील संत्रा बागायतदारांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतेच. त्याने हायड्रा मरतो हे खरे, पण झिंगेही मरतात. झिंग्याच्या रक्तातील हिमोसायनिनमध्ये तांबे असते, म्हणून तांबे त्याला चालेल असा युक्तिवाद ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पाण्यात विरघळलेले तांबे कवचधारींना अत्यंत विषारी असते आणि तळाच्या मातीत साचून राहते. सुपारीतील अ‍ॅरेकोलीन जंतनाशक म्हणून जुने आहे व सुपारीच्या अर्काची तयार भुकटी हायड्रावर वापरतात. परंतु पानठेल्यावरील सुपारी टाकीत टाकू नये, कारण तिची मात्रा ठरविता येत नाही. खर्रा तर तंबाखूमुळे सर्वस्वी वर्ज्य!

पशुवैद्यकीय दुकानात मिळणारे फेनबेन्डाझोल हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. छंदिष्टांत रूढ असलेले प्रमाण 10 लिटर पाण्यास सुमारे 6 मिलिग्रॅम एवढे अल्प आहे. घरगुती चमच्याने ते मोजता येत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्म तराजूचा येथे खरा उपयोग आहे. औषध पाण्यात नीट विरघळत नसल्याने थोड्या पाण्यात ढवळून पसरावे. काही गोगलगायींना ते बाधते, म्हणून त्या आधी काढून घ्याव्यात. मेलेले हायड्रा कुजून अमोनिया वाढतो, यास्तव दोन-तीन दिवसांनी निम्मे पाणी बदलावे. हायड्राच्या अंड्यांभोवती कठीण आवरण असल्याने महिनाभर काचेचे निरीक्षण चालू ठेवावे.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयीही एक शब्द. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तर प्रयोगशाळेत हायड्रा 18 ते 20 अंशांवर उत्तम वाढतो. त्यामुळे कूलर नसलेल्या खोलीत उन्हाळ्यात उपद्रव आपोआप ओसरतो व हिवाळ्यात उफाळतो. तथापि पाणी मुद्दाम तापविणे योग्य नव्हे. झिंगे आत असताना हा उपाय त्यांच्याच जिवावर बेततो. तळ्यातील नवी वनस्पती आणल्यास ती किमान दोन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवून तपासणे अधिक सोपे.

ओढून घेतलेले हायड्रा फेकून देण्याचे कारण नाही. पदवीच्या प्रात्यक्षिकासाठी दहा-बारा प्राणी क्लोरीनरहित पाण्याच्या बरणीत, आठवड्यातून दोनदा आर्टेमियाची पिले देऊन, सावलीत ठेवावेत. त्या बरणीचा ड्रॉपर मात्र झिंग्यांच्या टाकीत कधीही बुडवू नये.