जुनं बॉबकॅट घेताय? चेनचा खटखटाट आधी नीट ऐका

जुनं मशिन बघायला गेलं की चालू करताच खालून खट्ट असा आवाज येतो आणि विकणारा लगेच म्हणतो, "काही नाही, चेन जरा ढिली झालीय. टाइट केली की झालं." कधी कधी ते खरंच तेवढंच असतं. पण कधी त्याच आवाजामागे झिजलेली स्प्रॉकेट, गेलेलं बेअरिंग किंवा गळकी मोटर असते, आणि स्वस्तात मिळालेलं मशिन पहिल्याच सीझनला गॅरेजात जाऊन बसतं. त्यामुळे बयाणा द्यायच्या आधी आवाज नेमका कशाचा, हे समजून घेतलेलं बरं.

स्किड स्टीअर लोडर हे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. कंपनी कुठलीही असो, सगळ्यांसाठी ते बॉबकॅटच, जसा कुठलाही बॅकहो म्हणजे जेसीबी. स्टीलच्या कारखान्याचं आवार, जिनिंगमधले सरकीचे ढीग, रस्त्याच्या कामावरची झाडलोट अशा अडचणीच्या जागी हे मशिन चालतं. काम संपलं की ते विकायला निघतं आणि मग गोठ्याला, पोल्ट्रीला, शेणखत भरायला घेणारे विचारायला लागतात. तसं हे मशिन मुळात पोल्ट्रीचंच. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी टर्कीच्या शेडमधली घाण काढायला पहिलं मशिन बनवलं होतं.

या मशिनला स्टीअरिंगचं चाक नसतं. डावीकडच्या दोन चाकांना एक हायड्रॉलिक मोटर, उजवीकडच्या दोन चाकांना दुसरी. प्रत्येक मोटरवरून दोन चेन निघतात, एक पुढच्या चाकाकडे, एक मागच्या. या चेन बंद लोखंडी पेटीत ऑइलमध्ये फिरतात. मेकॅनिक तिला चेनकेस म्हणतात. वळताना चाकं वळत नाहीत, जमिनीवर घासत सरकतात, आणि तो सगळा ताण चेनवर येतो. म्हणून काँक्रिटवर जागच्या जागी गरगर फिरवलेल्या मशिनची चेन मातीत चाललेल्या मशिनपेक्षा लवकर झिजते. मशिन आधी कुठे चालत होतं, हे विचारायचं ते यासाठी.

चेनकेस उघडण्याआधी फुकटात होणाऱ्या गोष्टी तपासा. चाकाचे नट ढिले असले तरी हुबेहूब चेनसारखा खट्ट आवाज येतो. बकेटच्या पिना आणि बुश झिजले असले तरी मशिन पुढे-मागे करताना खडखडतात. म्हणून नट आवळा, बकेट जमिनीला टेकवून पिनांमधला प्ले बघा आणि मगच चेनवर संशय घ्या. हे न करता थेट चेनकेस खोलायला लावणाऱ्या मेस्त्रीपासून जरा जपूनच राहा.

आता मोकळ्या जागेत इंजिन हळू ठेवून मशिन चालवा. पुढून मागे घेताना एकदाच खट्ट झालं आणि सरळ जाताना शांत राहिलं, तर चेनमध्ये ढिलाई आहे. चालताना एका तालात पेटीवर काहीतरी आपटल्यासारखं वाजलं, तर ढिलाई बरीच वाढली आहे. ढिगात बकेट घातल्यावर, म्हणजे जोर लागताना, कड्ड-कड्ड होऊन मशिन हिसका देत असेल तर चेन दातांवरून उडते आहे. हे प्रकरण नुसतं टाइट करून मिटत नाही, दात झिजलेले असतात. दळल्यासारखी घरघर, जी चाकाच्या वेगाबरोबर वाढते, ती बहुतेक अॅक्सलच्या बेअरिंगची. आणि बारीक शिट्टीसारखा आवाज, जोर लावला की चढणारा, तो चेनचा नाहीच. तो हायड्रॉलिक पंप किंवा मोटरकडचा, आणि तिथला खर्च चेनपेक्षा भारी.

आवाज कुठल्या बाजूचा हे कळलं की मशिन सपाट जागी जॅकवर घ्या, खाली लाकडी स्लीपरचे मजबूत ठोकळे लावा, इंजिन बंद करा. उचललेल्या आर्मखाली कुणी जायचं नाही; आर्मचा लॉक लावल्याशिवाय तर नाहीच. आता एकेक चाक हाताने पुढे-मागे हलवा. इंजिन बंद असताना मोटर सहज फिरत नाही, त्यामुळे चाक थोडं हलून अडतं. जेवढं मोकळं हलतं तेवढी त्या चेनची ढिलाई. चारही चाकांची तुलना करा. तीन सारखी आणि एक जास्त हलत असेल, तर आजार तिथे. मग तेच चाक वर-खाली धरून डोलवा. तसं हललं तर बेअरिंग गेलं.

यानंतर ऑइल. थोडं काढून पांढऱ्या भांड्यात बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. बारीक काळी पेस्ट चिकटली तर ती रोजची झीज, पण चकत्या किंवा टोकदार कपचे आले तर दात किंवा बेअरिंग फुटतंय. पातळी खाली गेली असेल तर अॅक्सलचं सील गळतंय. चाकामागे बघा, सुतळी, तार, ठिबकची नळी गुंडाळून सील कापलेलं असतं, आणि काळ्या मातीचा थर बसला की ते दिसतही नाही. उलट पातळी आपोआप वाढत असेल तर मोटरच्या सीलमधून हायड्रॉलिक ऑइल पेटीत उतरतंय. एक चलाखीही लक्षात ठेवा: घट्ट ऑइल भरलं की खटखट दोन दिवस दबते. म्हणून मशिन गरम होईपर्यंत चालवून पुन्हा ऐका.

मेकॅनिक सोबत असेल तर वरचं झाकण काढून चेन मोजायला लावा. उदाहरणार्थ ८० नंबरच्या चेनची एक कडी २५.४ मिलिमीटरची, म्हणजे नव्या चेनच्या १२ कड्या ३०४.८ मिलिमीटर. ताणलेल्या बाजूला हेच माप ३११ च्या आसपास आलं तर चेन दोन टक्के वाढली, बदलायची तयारी ठेवा. ३१४ म्हणजे तीन टक्के, तिचं आयुष्य संपलं. नवी चेन झिजलेल्या दातांवर चढवू नका, तीही लवकरच तशीच होते. आणि "टाइट करून देतो" म्हणणाऱ्याला विचारा, या मॉडेलमध्ये सोय आहे का? काहींत अॅक्सलचं हाउसिंग सरकवून चेन ताणता येते, काहींत ती सोयच नसते. सोय असूनही हाउसिंग शेवटपर्यंत सरकलेलं दिसलं तर ताणायला काही उरलेलं नाही.

टायरही बघा. एका बाजूला पुढे नवं आणि मागे गुळगुळीत टायर असेल तर दोन्हींचा घेर वेगळा, पण मोटर एकच. दोन्ही चाकं एकमेकांना ओढत राहतात आणि चेन फुकट झिजते. अशा मशिनला नवी चेन टाकण्याआधी टायर सारखे करावे लागतात, तो खर्चही भावात धरा.

ढिली चेन घेऊन "चालतंय तोवर चालवू" असं करणारे बरेच आहेत. पण या मशिनला थांबवणारी ताकदही चेनमधूनच चाकापर्यंत जाते. चेन तुटली की त्या चाकाला ना जोर ना अडकाव, आणि उतारावर भरलेली बकेट असेल तर मशिन एका अंगाला ओढलं जातं. गोठ्याच्या रॅम्पवर किंवा ट्रॉलीत भरताना हे झालं तर शेजारी उभ्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

सगळं तपासून मशिन घेतलंत तरी पहिल्याच आठवड्यात दोन्ही चेनकेसचं ऑइल बदला, मशिनच्या पुस्तकात लिहिलेलंच घाला. कुणाला हायड्रॉलिक ऑइल लागतं, कुणाला इंजिन ऑइल. पातळीला खूण करून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा.