मालकी ज्याची, सिनेमा त्याचा

पडद्यावर काळा माणूस दिसला म्हणजे सिनेमा काळ्यांचा झाला, असे नव्हे. पैसा कोणाचा आणि करारावर सही कोणाची, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील अभिनेते, लेखक, दिग्दर्शक मेल्विन व्हॅन पीबल्स (१९३२-२०२१) यांनी तो प्रश्न कृतीने सोडविला.

हॉलीवूडने दारात उभे केले नाही, तेव्हा ते युरोपात गेले. फ्रान्समध्ये लेखकाला दिग्दर्शकाचा परवाना मिळू शकतो, हा नियम त्यांनी हेरला. फ्रेंच शिकून कादंबऱ्या लिहिल्या आणि परवाना मिळविला. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या महोत्सवात त्यांचा सिनेमा फ्रान्सतर्फे दाखविला गेला. मायदेशात परक्या झेंड्याखाली परतावे लागले! नियम वाचणाऱ्याला दार सापडते, हे आम्ही वकिलांनी तरी विसरू नये.

कोलंबिया कंपनीसाठी 'वॉटरमेलन मॅन' (१९७०) केल्यावर तीन सिनेमांचा करार समोर आला. तो नाकारून त्यांनी १९७१ साली 'स्वीट स्वीटबॅक' स्वतः काढला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, नायकाची भूमिका, सारे त्यांचेच. बिल कॉस्बीकडून ५० हजार डॉलर उसने घेतले. १९ दिवसांत चित्रण उरकले. सिनेमाला 'एक्स' दर्जा मिळाला, तेव्हा हा निवाडा गोऱ्यांच्याच ज्युरीचा आहे, अशी जाहिरात त्यांनी केली. अशा ज्युरीचा न्याय काळ्या जनतेने पिढ्यान् पिढ्या भोगला होता. आरंभी डेट्रॉइट व अटलांटा येथील दोनच थिएटरे मिळाली. तरी सिनेमाने कोट्यवधी डॉलरचा धंदा केला.

जुलमी पोलिसांवर हात उचलणारा काळा नायक अखेरपर्यंत जिवंत राहतो, हे लोकांना नवे होते. ब्लॅक पँथरचे ह्यूई न्यूटन यांनी सिनेमा उचलून धरला. याच पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव आले. मात्र 'एबनी' मासिकात लेरोन बेनेट यांनी या सिनेमावर कडक टीका केली. त्यातील स्त्रियांचे चित्रण आजही खटकते. समतेच्या चळवळीने तेही स्पष्ट बोलले पाहिजे.

पुढे हॉलीवूडने काळ्या नायकांच्या सिनेमांची रांग लावली. चेहरे काळे, गल्ला बहुतांशी गोऱ्या कंपन्यांचा! बंडाचा माल झाला तो असा.

आज आपली मुले कथा लिहितात, कॅमेरा हाती घेतात. त्यांना एवढेच सांगणे आहे : टाळ्यांनी हुरळू नका. सही करण्यापूर्वी करार वाचा. आपली कथा विकताना तिच्यावरचा हक्क विकू नका.