हात बसायला वेळ लागतो

७ फेब्रुवारी १९९२ रोजी ‘शल्की’ ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ही पहिली पाणबुडी, आणि ती बांधली मुंबईच्या माझगाव डॉकने. जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी १९८१ मध्ये करार झाला होता. त्यानुसार दोन पाणबुड्या जर्मनीतील कील येथे आणि दोन मुंबईत तयार व्हायच्या होत्या. आपले अभियंते आणि कारागीर त्यासाठी जर्मनीत जाऊन शिकून आले. १९९४ मध्ये दुसरी पाणबुडी ‘शंकुल’ दाखल झाली आणि काम थांबले. आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा बेत दलालीच्या आरोपांच्या गदारोळात बारगळला. माझगावात बांधलेली पुढची पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात दाखल झाली ती थेट १४ डिसेंबर २०१७ रोजी.

मधल्या तेवीस वर्षांत शेड जागेवर राहिली, पण कारागीर पांगले. कोणी दुसऱ्या कामाला लागले, कोणी नोकरी सोडली, कोणी निवृत्त झाले. २००५ मध्ये फ्रान्सबरोबर सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा जर्मनीहून शिकून आणलेले बरेचसे कसब हातातून निसटले होते. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळायची होती, तिला पाच वर्षे उशीर झाला. यंत्रसामग्रीच्या खरेदीत झालेली दिरंगाई हे त्याचे मोठे कारण होते. पण पाणबुडीचे सांधे जोडणारी माणसे पुन्हा पहिल्यापासून घडवावी लागली, हेही तितकेच खरे.

ब्रिटनलाही हाच अनुभव आला. बॅरो येथील गोदीत ‘व्हॅनगार्ड’ वर्गाच्या अणुपाणबुड्यांचे काम संपत आले आणि ‘अॅस्ट्यूट’ वर्गाचे काम सुरू व्हायला वेळ लागला. तेवढ्या अवधीत अनुभवी माणसे गेली. शेवटी अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीची मदत घ्यावी लागली.

एका सांध्याची गोष्ट

हे कसब इतके दुर्मीळ का, हे कळण्यासाठी वेल्डरच्या कामाकडे जवळून पाहायला हवे. स्कॉर्पीनचे पोलादी कवच ६.२ मीटर व्यासाचे असते. समुद्रात तीनशे मीटर खोलीवर त्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे तीस किलोचा भार येतो. हे कवच गोल कड्या एकमेकींना जोडून बनते आणि ते जोडतो वेल्डर.

हे उच्च ताकदीचे पोलाद वेल्डिंगआधी ठरावीक तापमानापर्यंत तापवावे लागते. वेल्डिंगचे रॉड भट्टीत कोरडे करून गरमच वापरायचे असतात. पावसाळ्यात मुंबईची दमट हवा रॉडच्या लेपात शिरली, तर त्या ओलाव्यातला हायड्रोजन पोलादात उतरतो. सांधा वरून अगदी साफ दिसतो आणि दोन दिवसांनी आतून तडकतो. म्हणून तपासणीही लगेच करून भागत नाही, थांबून करावी लागते. एका थरावर दुसरा थर चढवण्याआधी मळी ठोकून काढायची, ब्रश मारायचा, तापमान मोजायचे, मगच पुढे जायचे. अडचणीच्या जागी, डोक्यावरच्या सांध्याखाली आडवे पडून हेच सारे करायचे. एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिक तपासणीत दोष सापडला, की तेवढा भाग कोरून काढून पुन्हा भरायचा.

फिटरच्या शिक्षणाची सुरुवातही अशीच संथ असते. शेगड्यात लोखंडाचा तुकडा पकडायचा आणि कानशीने घासत राहायचे. मग गुण्या लावून तो उजेडासमोर धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली, की पुन्हा घासायचे. आज सीएनसी यंत्र हेच काम मिनिटांत करते. तरीही मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची जाण बोटांत उतरते ती या घासण्यातूनच. हात बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ अंदाजपत्रकात तरतूद करून विकत घेता येत नाही.

कायदा आहे, पण

माझगाव डॉकची स्वतःची शिकाऊ उमेदवार शाळा आहे. तिथे आठवी पास मुलाला रिगर किंवा वेल्डर, दहावी पास मुलाला फिटर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड शिकता येतात. आयटीआय झालेल्यांसाठी वेगळी तुकडी असते. अलीकडे दरवर्षी पाचशेच्या आसपास जागांची जाहिरात निघते.

या साऱ्यामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. लहान कारखान्यांना मात्र ते ऐच्छिक आहे. अडचण इथेच आहे. संरक्षण उत्पादनातले असंख्य सुटे भाग पिंपरी-चिंचवड, नाशिक, कोल्हापूरच्या छोट्या वर्कशॉपमधून येतात. त्यांच्याकडे उमेदवाराला शिकवायला माणूस मोकळा नसतो, आणि शिकून तयार झालेला मुलगा मोठ्या कंपनीत जाईल ही भीती असते.

दुसरी अडचण पैशांची. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान पातळी शिक्षणानुसार पाच ते नऊ हजार रुपये ठेवली. ती ३६ टक्क्यांनी वाढवावी, अशी शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये केली. भुसावळचा किंवा भंडाऱ्याचा मुलगा या रकमेत मुंबईत राहणार कसा?

तिसरी अडचण सर्वांत मोठी. कायद्याने उमेदवार हा कामगार नव्हे आणि उमेदवारी संपल्यावर त्याला कामावर घेण्याचे सरसकट बंधन मालकावर नाही. महाराष्ट्रात खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भद्रावती अशा ठिकाणी मिळून दहा आयुध निर्माण्या आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाने, स्फोटके हाताळायला याच निर्माण्यांत शिकलेल्या माजी उमेदवारांना ठरावीक मुदतीच्या करारावर घेतले. जिवाची जोखीम असलेले काम, त्यासाठीच घडवलेला माणूस, आणि उद्याची शाश्वती नाही. अशाने अनुभव साचत नाही.

देशाचे संरक्षण उत्पादन २०२४-२५ मध्ये दीड लाख कोटी रुपयांवर गेले. २०२९ पर्यंत तीन लाख कोटींचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी भांडवल उभे राहील, यंत्रे येतील. माणसांची तयारी मात्र मागणीपत्राची वाट पाहत बसली, तर १९९४ नंतर जे झाले तेच पुन्हा होईल. सहावी स्कॉर्पीन ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली, म्हणजे तो प्रसंग पुन्हा दारात आहे. घरात रोज थोडे विरजण राखून ठेवतात, तशी प्रत्येक गोदीत आणि निर्माणीत कसबी माणसांची एक तुकडी कायम राखली पाहिजे, हाती काम असो वा नसो.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. निवृत्त होणाऱ्या कारागिराला शेवटची दोन वर्षे पूर्णवेळ उमेदवारांसोबत ठेवा. छोट्या वर्कशॉपनी एकत्र येऊन एखाद्या आयटीआयमध्ये सामायिक प्रशिक्षण चालवावे आणि त्याचा खर्च मोठ्या खरेदीदार कंपनीने उचलावा. महाराष्ट्रात चारशेहून अधिक सरकारी आयटीआय आहेत, जागांची वानवा नाही. बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृहे बांधा. आणि संरक्षण खरेदीच्या प्रत्येक मोठ्या करारात किती उमेदवार घडवणार आणि त्यांतल्या किती जणांना कायम करणार, ही अट लिहून घ्या. पाणबुडी किती कोटींची, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. ती बांधायला शिकलेल्या मुलांना नोकरी मिळाली का, हेही आपल्या लोकप्रतिनिधींना तितक्याच आग्रहाने विचारले पाहिजे.