भुईमुगाच्या आऱ्या आणि शाळेची सहल

ज्या मुलांनी शेंगदाणा केवळ वाण्याच्या दुकानात किंवा घरच्या कुटात पाहिला आहे, त्यांना एखाद्या अल्पभूधारक, म्हणजे १ ते २ हेक्टर जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या भुईमुगात नेले, तर अन्नाच्या उगमाविषयीची त्यांची समजूत मुळापासून बदलू शकते. भुईमुगाचे पिवळे फूल जमिनीच्या वर उमलते. परंतु फलनानंतर त्याच्या बुडातील बीजांडकोश एका लांबत जाणाऱ्या देठाच्या टोकावर खाली झुकतो, मातीत शिरतो आणि तेथील अंधारात त्याची शेंग होते. या देठांना शेतकरी ‘आऱ्या’ म्हणतात. आऱ्या जमिनीत जाऊ लागल्यावर खुरपे चालवले तर त्या तुटतात, म्हणून खुरपणी आधीच उरकली जाते, आणि काही ठिकाणी आऱ्या मातीत नीट घुसाव्यात यासाठी पिकावरून रिकामे पिंप फिरवले जाते. भरणारी शेंग तिला लागणारे कॅल्शियम मुख्यतः स्वतःच्या टरफलातूनच मातीतून शोषते. या सुमारास झाडाच्या बुडाशी जिप्सम देण्यामागे हेच कारण आहे. शेंग मुळाला लागते असे मानणाऱ्या मुलाने एक झाड उपटून पाहिले, की हा सारा प्रवास त्याच्या हातात येतो, आणि त्यासाठी फळ्यावरच्या कोणत्याही आकृतीची गरज उरत नाही.

गोठ्यातही असेच घडते: गाय व्याल्यावरच दूध देते, ही साधी गोष्ट पिशवीतल्या दुधावर वाढलेल्या अनेक मुलांना तेथेच प्रथम कळते.

शेतातून शिकण्याचा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीच्या ज्ञानाचा समावेश करण्याची मागणी केली होती, आणि १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या ‘नई तालीम’ने, म्हणजे हातांच्या उत्पादक कामातून शिकवण्याच्या पद्धतीने, तिला वेगळ्या वाटेने पुढे नेले. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरणही स्वीकारले. मात्र बहुतेक सहली हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत निघतात, जेव्हा खरिपाची कामे कधीच संपलेली असतात. बैलगाडीची फेरी आणि जेवण यांत आनंद जरूर आहे, पण त्यातून पेरणी व काढणी यांच्यामधले कष्ट दिसत नाहीत. खरिपाचा भुईमूग जून-जुलैमध्ये पेरला जातो आणि साधारण चार महिन्यांत काढणीला येतो. तेव्हा शाळांनी एकाच शेताला पेरणीच्या, आऱ्या सुटण्याच्या आणि काढणीच्या वेळी, अशा तीन भेटी द्याव्यात, आणि शिकवण्यात खर्ची पडलेल्या शेतकऱ्याच्या वेळेचा मोबदला त्याला आवर्जून द्यावा.