मांडवीतले घरचे आणि पाहुणे

जून उजाडला, ट्रॉलर धक्क्याला लागले, की आमच्या पणजीच्या मासळीबाजाराचे रूप आठवड्याभरात पालटते. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना समुद्र बंद. इसवण, पापलेट दिसेनासे होतात आणि टोपल्यांतून शेवटे, काळुंदर, नदीची सुंगटे डोकावू लागतात. गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या एका आप्तबाई आमच्याकडे उतरल्या होत्या. बाजारातून परतताना मांडवीचे तांबडे, गढूळ पाणी पाहून त्यांनी विचारले, "उन्हाळ्यात हे पाणी मिठासारखे खारट असते म्हणता, आता तर गोडे झाले. मग हे मासे तग धरतात कसे?" प्रश्न साधा, परंतु त्याचे उत्तर शोधू जाता आम्ही थेट त्यांच्याच जिल्ह्यातील खानापूरच्या डोंगरापर्यंत जाऊन पोहोचलो.

खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात उतरून मांडवी होते. समुद्राची भरती दिवसातून दोनदा तिच्यात शिरते आणि मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत, चढते. पाऊस सरला की वरून येणारे पाणी रोडावत जाते आणि त्या मानाने खारेपण महिन्यागणिक आत सरकते. मृगाच्या सरी कोसळल्या की हाच प्रवास उलटा, आणि तोही काही आठवड्यांत. ऐन पावसात मुखापाशी वर गोडे पाणी वाहते, तर तळाशी जड खारे पाणी पाचरीसारखे आत घुसलेले असते.

माशाच्या देहाला हा फेरपालट किती जड जात असेल, हे आमच्या भगिनींना स्वयंपाकघरातच कळेल. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते. हरभरे साध्या पाण्यात टाकले की फुगतात. समुद्रातल्या माशाची अवस्था त्या कैरीसारखी. अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातला मासा हरभऱ्यासारखा. आत शिरणारे पाणी त्याला पातळ मूत्रावाटे सारखे बाहेर टाकावे लागते आणि मीठ मात्र जपावे लागते. खाडीतल्या माशाला या दोन्ही विद्या अवगत असाव्या लागतात, आणि एकीवरून दुसरीवर जाताना त्याची पुष्कळ शक्ती खर्ची पडते. ज्यांना ते साधत नाही, ते समुद्राकडे सरकतात. म्हणून पावसात खाडीतील माशांच्या जाती घटतात आणि पाऊस सरल्यावर, खारेपण वाढू लागले की, पुन्हा वाढतात. तिसऱ्या आणि खुबे यांना पळणे ठाऊक नाही. शिंपले मिटून ती बिचारी वाट पाहतात. गोडे पाणी फार काळ टिकले तर मरतात.

या खाडीतील खरी घरची म्हणजे काळुंदर. तिची वीण इथल्याच मचूळ पाण्यात होते आणि नर-मादी दोघेही अंड्यांची व पिलांची राखण करतात. शेवटा हा पाहुणा. त्याचा जन्म समुद्रात, बालपण मात्र खाडीत. चोडणच्या खारफुटीच्या मुळांत अशा कितीतरी पाहुण्यांची पोरे मोठ्या माशांपासून लपून वाढतात. चणकाचे तऱ्हेवाईकपण मात्र सर्वांवर ताण. हा नदीत वाढतो आणि अंडी घालण्यास खाऱ्या पाण्याकडे उतरतो. शिवाय बहुतेक चणक आधी नर असतात आणि मोठेपणी मादी होतात. समारंभासाठी आपण मोठ्यात मोठा चणक हौसेने मागून घेतो, तो बहुधा मादीच असतो, हे आम्हांला ठाऊक झाल्यापासून ती हौस जरा ओसरली आहे.

ऋतुचक्र या माशांच्या अंगवळणी पडलेले आहे. पंचाईत होते ती ऋतूला सोडून आलेल्या बदलाने. खाणींची तांबडी माती पावसात नदीत उतरते, कल्ल्यांत बसते आणि तळाच्या जिवांवर थर चढवते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू-बंद होत राहिल्या. खाजणांचे बांध फुटले की शेतात खारे पाणी भरते. भात तर जातेच, पण मानशीच्या तोंडाशी ओहोटीला जाळे लावून कोळंबी धरण्याची गावाची हक्काची मिळकतही बुडते. १९५२ साली आफ्रिकेतली तिलापी भारतात आणली गेली. ती खारे-गोडे काही मानत नाही आणि घरच्यांच्या अन्नात वाटेकरी होते.

राहिला पाण्याचा वाटा. म्हादई जलतंट्याच्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी दिले. त्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. परंतु तेच पाणी रानातला पालापाचोळा आणि गाळ खाडीत आणून माशांच्या पिलांना अन्न पुरवते, आणि पाऊस सरल्यावरची बारीक धार खारेपणाला अडवून धरते. ती धार आणखी बारीक झाली, तर मे महिन्यातले खारेपण आधीच येईल आणि गोड्या पाण्याच्या माशांना तितके वर सरकावे लागेल.

आम्ही हे सारे उत्साहाने सांगत होतो. आप्तबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "खरे आहे तुमचे. पण माझी लेक हुबळीला असते. तिच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्याचे काय?" याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. पाने वाढली होती. आम्ही तिखल्याचे पातेले पुढे सरकवले. त्यांनी काळुंदर दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि अंड्यांची राखण बापही करतो हे नक्की ना, असे पुन्हा विचारले.