फादर, सिस्टर आणि आपली महाविद्यालये

बारावीचा निकाल लागला की औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत आणि सरस्वती भुवनच्या आवारात गर्दी वाढते. आपल्या घरांतही प्रवेशाचीच चर्चा असते. चांगले गुण मिळालेली एखादी मुलगी मुंबईच्या सेंट झेवियर्सचे किंवा सोफियाचे नाव काढते आणि अम्मी-अब्बा विचारात पडतात. तिथे चर्चचे लोक आहेत, फादर आणि सिस्टर आहेत. मुलीच्या इमानाचे काय?

ही काळजी रास्त आहे. तिचे एक उत्तर राज्यघटनेत आहे. कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर पालकांची संमती लागते. म्हणून प्रवेश घेताना नमाज, जेवण आणि वसतिगृहाचे नियम मोकळेपणाने विचारावेत. दुसरे उत्तर आपल्या घरात आहे. दीनची समज घरातून घेऊन निघालेली मुलगी कुठेही शिकू शकते. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे खंडणी नव्हती, त्यांनी मदिनेतल्या मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटका मिळवावी, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. शिकवणारे मुसलमान नव्हते, तरी इल्म नाकारले गेले नाही.

या संस्था उभ्या कशा राहिल्या, हेही पाहण्यासारखे आहे. सेंट झेवियर्स १८६९ मध्ये जर्मन जेझुइट फादरांनी सुरू केले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मनांना हटवले, तेव्हा स्पेनमधले फादर आले आणि काम चालू राहिले. त्यांच्यापैकीच फादर हेरास यांनी १९२६ मध्ये तिथे इतिहास संशोधनाची संस्था उभारली. मुलींसाठीचे सोफिया महाविद्यालय १९४० मध्ये सेक्रेड हार्ट संघाच्या सिस्टरांनी काढले. आपल्या शहरातही जालना रोडवर सेंट फ्रान्सिस शाळा आहे आणि कॅथॉलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. फादर आणि सिस्टर लग्न करत नाहीत, संघाच्या निवासात राहतात आणि त्यांचा पगार संघाकडे जातो. एक गेला की दुसरा त्याची जागा घेतो.

त्यांच्या एका लढ्याचा फायदा आपल्यालाही झाला. महाविद्यालयाच्या कारभारात विद्यापीठाचे प्रतिनिधी घेण्याची सक्ती गुजरातच्या कायद्याने केली, तेव्हा अहमदाबादचे सेंट झेवियर्स सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की, अशी कलमे अल्पसंख्याकांच्या संस्थांना लागू होणार नाहीत. आधार होता कलम ३०चा. हे कलम जसे कॅथॉलिकांचे, तसेच मुसलमानांचेही आहे. डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये आपल्या शहरात सुरू झालेल्या मौलाना आझाद महाविद्यालयासारख्या संस्थांनाही त्याचेच संरक्षण आहे.

पण कलम संस्थेचे रक्षण करते. ती चालवायला माणसे लागतात. आपल्या दीनमध्ये संन्यास नाही. आपल्या शिक्षकाला बायको-मुले आहेत, घरभाडे आहे, लेकीचे लग्न आहे. फादर जे आयुष्यभर देतो, ते आपल्याला अनेकांनी थोडे थोडे देऊन उभे करावे लागेल. निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून दोन तास गणित किंवा इंग्रजी शिकवावे. कमावत्या माजी विद्यार्थ्याने एका मुलीची वसतिगृहाची फी उचलावी. विश्वस्तांनी जागा भरताना नात्यागोत्यापेक्षा लायकी पाहावी. वक्फची परंपरा आपल्याकडे आहेच. तिच्यात वेळही दिला जावा, असे आम्हाला वाटते.

यंदा लेकीचा प्रवेश झेवियर्समध्ये होवो, मौलाना आझादमध्ये किंवा सरस्वती भुवनमध्ये. तिला आनंदाने पाठवा. आणि जवळच्या एखाद्या संस्थेला आपल्या घरातून काय देता येईल, हेही त्याच बैठकीत ठरवा.