वाळवंटातले खोकड

माळरानावर कोल्ह्यापेक्षा लहान, झुपकेदार शेपटीचे खोकड तुम्ही पाहिले असेल. त्याचाच एक भाऊबंद दूर आफ्रिका खंडात, सहारा वाळवंटात राहतो. त्याला फेनेक म्हणतात. हे वाळवंट केवढे? आपल्या भारताच्या अडीचपटीहून मोठे! पाऊस नावालाच. दुपारी वाळू तव्यासारखी तापते. रात्री थंडीने हुडहुडी भरते. अशा जागी हा एवढासा प्राणी कसा जगतो, ते आम्ही आता सांगतो.

कुत्रा, कोल्हा, लांडगा हे सारे एकाच कुळातले. या कुळात फेनेक सर्वांत लहान. वजन एक ते दीड किलो. म्हणजे घरातल्या मांजरापेक्षाही हलका. पण कान पाहाल तर सहा-सहा इंच लांब! एवढे कान कशाला, असं कुणीही विचारील. कानांच्या पातळ कातडीत रक्ताच्या बारीक शिरा असतात. तिथून अंगातली उष्णता बाहेर जाते. शिवाय वाळूखाली किडा हलला तरी त्याला ऐकू येतो. मग काय, पायांनी भराभर वाळू उकरायची की शिकार तोंडात!

किडे, टोळ, उंदीर, सरडे, पाखरांची अंडी, फळे, मुळे, सगळं त्याला चालतं. पाणी मिळाले तर पितो. नाही मिळाले तरी खाण्यातल्या ओलीवर तो पुष्कळ दिवस काढतो. त्याचे मूत्रही थोडे आणि दाट असते. म्हणजे पाण्याचा थेंबही वाया जात नाही.

तळपायांना केस असतात, म्हणून तापल्या वाळूत पाय भाजत नाहीत. अंगावरची दाट लव रात्री घोंगडीचे काम करते.

तरी खरा आधार बिळाचाच. दिवसभर सारे कुटुंब आत गारव्याला असते. सूर्य मावळला की बाहेर पडते. मादी व्याली की नर तिला तिथेच खाणे आणून देतो.

आणि माणूस नेमके हे बीळच खणतो! मोरोक्को, ट्युनिशिया या देशांत फेनेक पकडायला कायद्याने बंदी आहे. तरी लोक पिले काढून विकतात. बाजारात दोरीला बांधतात. प्रवासी पैसे देऊन त्यांच्याबरोबर फोटो काढतात, तेही भर दिवसा. हवा ३५ अंशांपुढे तापली की फेनेक धापा टाकू लागतो. धापा टाकताना अंगातले पाणी जाते. बाजारात त्याला शिरायला बीळ नसते.